नाताळापूर्वीची शाळा

दिवाळीचा आकाशकंदील उतरवून माळ्यावर ठेवला जातो न जातो, तोच गोव्यातील ख्रिस्ती घरांच्या ओसरीवर बांबूच्या कामट्या, खळ आणि रंगीत कागद यांचा पसारा मांडला जातो. नाताळाची चांदणी तयार होऊ लागते. त्याच सुमारास प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलांच्या सूचनावहीतही एकेक नोंद वाढू लागते. क्रीडादिनासाठी पांढरे बूट, स्नेहसंमेलनातील नाचासाठी ठरावीक रंगाचा पोशाख, गोठ्याच्या स्पर्धेसाठी वाळलेले गवत, भेटवस्तूंच्या देवाणघेवाणीसाठी कागदात बांधलेली एखादी वस्तू, वर्गाच्या फराळासाठी डबा. प्रत्येक मागणी वेगळी पाहिली तर लहानच असते. परंतु पंधरा-वीस दिवसांत अशा दहा-बारा मागण्या एका घरावर येऊन पडतात, आणि घरात शाळेला जाणारी दोन मुले असली की त्या दुप्पट होतात. सणापूर्वीचे हे दिवस आनंदात जावेत ही सर्वांचीच इच्छा. प्रत्यक्षात मात्र अनेक घरांत ते धावपळीचे, चिडचिडीचे आणि क्वचित अश्रूंचेही जातात. याची कारणे शोधू गेल्यास ती केवळ शाळेच्या हौसेत सापडत नाहीत.

पहिले कारण पंचांगातच आहे. नाताळ सौर वर्षाचा सण. २५ डिसेंबर ही त्याची तारीख कधी हलत नाही. दिवाळी चांद्र तिथीने येते व तिची तारीख दरवर्षी मागेपुढे होते. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झाले. तेथून नाताळापर्यंत पासष्ट दिवस होते. त्याआधी २०२३ साली ते १२ नोव्हेंबरला आले होते व नाताळ अवघ्या त्रेचाळीस दिवसांवर होता. म्हणजे या दोन वर्षांत बावीस दिवसांचा फरक पडला. ज्या वर्षी अधिक मास येतो त्या वर्षी दिवाळी पुढे सरकते व हे अंतर आखडते. २०२६ हे असेच अधिक ज्येष्ठाचे वर्ष. त्यात लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येते आणि नाताळापर्यंत सत्तेचाळीस दिवस उरतात. त्यातून दिवाळीच्या सुटीचे उरलेले दिवस वजा केले म्हणजे दुसऱ्या सत्राच्या आरंभी शाळेच्या हाती किती थोडा अवधी राहतो ते ध्यानात येईल. शाळेचे कार्यक्रम मात्र अधिक मास पाहून कमी होत नाहीत. गेल्या वर्षी जेवढे झाले तेवढे याही वर्षी झालेच पाहिजेत, अशी एक अलिखित रीत पडून गेली आहे.

या आखडलेल्या अवधीत गोव्याचे स्वतःचे सण व दिन बसतात. २४ नोव्हेंबरपासून जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेविअर यांच्या नोव्हेना सुरू होतात व ३ डिसेंबरला फेस्त भरते. ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त व त्यानिमित्तची फेरी. १९ डिसेंबर हा १९६१ सालच्या मुक्तीचा दिवस. त्या दिवशी ध्वजवंदन आणि मुलांचे संचलन. २०२६ चा डिसेंबर उदाहरणादाखल घ्यावा. १ तारीख मंगळवारी येते. तेथून २३ तारखेपर्यंत तीन रविवार, फेस्ताची सुटी व मुक्तिदिन वजा जाता शाळेला मिळतात फार तर अठरा दिवस. अठरा दिवसांत क्रीडादिन, स्नेहसंमेलन, ख्रिस्तजन्माची नाटिका, गोठा व चांदणी यांच्या स्पर्धा, कॅरल गायन, सहल आणि नेहमीचा अभ्यास! बेळगावकडे मोठी सुटी दसऱ्याची असते, त्यामुळे तेथे मधला अवधी जरा लांब पडतो. तरी तेथील मिशनच्या शाळांतही सारी गर्दी डिसेंबरातच होते. इंदूर-ग्वाल्हेरकडे थंडीचा कडाका आणि परीक्षांची घाई यांची त्यात भर पडते.

शाळेने हे सारे करूच नये, असे म्हणणारेही आहेत. त्यांचे म्हणणे अभ्यास बुडतो असे असते. त्यात कितपत तथ्य आहे ते आकड्यांनी पाहणे बरे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाकाठी किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० तासांचे अध्यापन ठरवून दिले आहे. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. स्नेहसंमेलनाच्या तालमीसाठी दहा दिवस रोज दीड तास दिला तर पंधरा तास जातात. हे जवळजवळ चार दिवसांचे अध्यापन झाले. वर्षाच्या मानाने ते दोन टक्क्यांहूनही कमी आहे. त्या मोबदल्यात एखादे बुजरे मूल रंगमंचावर उभे राहून चार वाक्ये स्पष्ट बोलावयास शिकत असेल तर तो सौदा तोट्याचा नव्हे. तेव्हा अभ्यास बुडण्याची तक्रार थोडी बाजूस ठेवता येईल. खरा भार तासांचा नसून, तो कोणाच्या खांद्यावर, किती अवचित आणि किती खर्चासह येऊन पडतो याचा आहे.

एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. आई वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करते. बाप तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. सहा-आठ महिने समुद्रावर. मुले आजीजवळ. शाळेच्या सूचना हल्ली वहीत कमी आणि आईच्या व्हॉट्सॲपवर अधिक येतात, त्याही इंग्रजीतून. आई दुपारच्या पाळीला असेल तर तो निरोप रात्री घरी परतताना बसमध्ये तिच्या वाचनात येतो: उद्या सर्वांनी लाल कपडे घालून यावे. लाल सदरा धुण्यात. बाजार बंद. आजीला या गोष्टीचा पत्ताच नाही. सकाळी मूल गणवेश घालून शाळेत जाते, आणि लाल कपड्यांच्या रांगेत एकटे निळे-पांढरे दिसू नये म्हणून छायाचित्राच्या वेळी कोणीतरी त्याला अगदी कडेला उभे करते. करणाराच्या मनात वाईट काही नसते. परंतु सहा वर्षांच्या मुलाला त्या कडेचा जो अर्थ लागतो तो पुसून टाकणे सोपे नाही. असा प्रसंग दरवर्षी कोठल्या ना कोठल्या वर्गात घडतो, हे प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या कोणासही ठाऊक असते.

बांधकामावर किंवा मासळीच्या धक्क्यावर रोजंदारी करणाऱ्यांच्या घरी तर याला आणखी एक बाजू आहे. त्यांच्यासाठी दुपारी अकराच्या कार्यक्रमास हजर राहणे म्हणजे एका दिवसाची मजुरी सोडणे होय. क्रीडादिन एका दिवशी, नाटिका दुसऱ्या, बक्षीस समारंभ तिसऱ्या दिवशी ठेवला की तीन दिवसांची मजुरी गेली. अशा वेळी आईबाप येत नाहीत, आणि मग पालकांना आस्था नाही असा शेरा मारला जातो. तिन्ही प्रसंग एकाच दिवशी, त्यातही शनिवारी सकाळी वा संध्याकाळी ठेवले तर हेच पालक पहिल्या रांगेत बसलेले दिसतील.

म्हणून उपायाचा आरंभ तारखांपासून करावयास हवा. क्रीडादिन, स्नेहसंमेलन, स्पर्धा यांच्या तारखा शाळेला जूनमध्ये नसल्या तरी दिवाळीच्या सुटीपूर्वी निश्चित करता येतात. त्या एकाच कागदावर, मराठीत किंवा कोंकणीत आणि इंग्रजीत, सुटी लागण्याच्या दिवशी मुलांच्या हाती द्याव्यात. प्रत्येक तारखेसमोर घरून काय लागेल, खर्च किती आणि पालकांनी येणे आवश्यक आहे की ऐच्छिक, एवढे तीन शब्दांत लिहावे. ऐच्छिक हा शब्द लिहिण्यास शाळा बिचकतात. तो लिहिल्याने गर्दी कमी होईल ही भीती असते. पण न लिहिल्याने ज्याला येणे शक्य नाही त्याच्या मनाला उगाच टोचणी लागते. आणि एकदा कागद दिल्यानंतर आयत्या वेळी नवी मागणी करावयाची नाही, हा नियम मुख्याध्यापकांनी स्वतःवरही घालून घ्यावा. रात्री नऊनंतर दुसऱ्या दिवसासाठी कपड्यांची वा वस्तूंची सूचना पाठवू नये, एवढा एक नियम पाळला तरी अर्धी धांदल कमी होईल.

घरीही असा एक कागद हवा. जर्मनीतील प्रॉटेस्टंट कुटुंबांत एकोणिसाव्या शतकात नाताळापूर्वीचे दिवस मोजण्यासाठी दारावर खडूच्या रेघा ओढीत व मुले रोज एक रेघ पुसून टाकीत. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिकचा मुद्रक गेरहार्ट लांग याने चोवीस चित्रांची छापील दिनदर्शिका काढली. तो लहान असताना त्याच्या आईने पुठ्ठ्यावर चोवीस बिस्किटे लावून दिली होती, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. आज हीच वस्तू चॉकलेटे भरून दुकानांत विकावयास येते. विकत घेण्याचे काही कारण नाही. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर १ ते २४ असे चौकोन आखावेत, त्यांत शाळेच्या, चर्चच्या आणि घरातल्या कामांच्या नोंदी कराव्यात आणि तो कागद स्वयंपाकघरात आजीला दिसेल अशा ठिकाणी चिकटवावा. दोन मुलांसाठी दोन रंग वापरावेत. रोज रात्री मुलानेच त्या दिवसाच्या चौकोनावर फुली मारावी. मुलाला आठवड्याचे वार, तारखा व उरलेल्या दिवसांची वजाबाकी यांतून जी येते ती गणिताच्या पुस्तकातून येईलच असे नाही.

कागद भरून झाल्यावर त्यात काही चौकोन मोकळे राहिले पाहिजेत. न राहिले तर काहीतरी गाळावे लागेल, आणि हे गाळण्याचे धैर्य पालकांनी दाखवावयास हवे. प्रत्येक स्पर्धेत प्रत्येक मुलाने भाग घेतलाच पाहिजे असे नाही. चांदणी करावयास ज्याला आवडते त्याने चांदणी करावी, गाणाऱ्याने गावे. पहिलीतल्या मुलाची चांदणी बापाने करावयाची आणि पहिले बक्षीस बापाला मिळावयाचे, हा प्रकार तर सर्वस्वी बंद झाला तरी बिघडणार नाही. त्यापेक्षा घरी कुलकुल करावयास घेतले असता पिठाच्या गोळ्या मुलांच्या हाती द्याव्यात. काट्याच्या किंवा नव्या फणीच्या पाठीवर दाबून वळवलेली ती वाकडीतिकडी कुलकुले तळून डब्यात पडली म्हणजे मुलांना जो आनंद होतो त्याला बक्षीस लागत नाही. नेवऱ्या, दोदोल, बेबिंक यांचे कुस्वार शेजारी पोचवण्याचे कामही मुलांकडेच असावे. हा त्यांचा विसावाच आहे.

पोशाखाचा प्रश्न याहून नाजूक. नाटिकेतील देवदूताचे पंख, राजांचे मुकुट, मेंढपाळांचे झगे हे सारे हल्ली भाड्याने मिळते, आणि नाताळाच्या तोंडावर भाडे वाढते. लूकच्या शुभवर्तमानात ज्या मेंढपाळांना प्रथम वार्ता कळली ते रात्री उघड्या रानात कळप राखणारे गरीब लोक होते. त्यांच्यासाठी रेशमी झगा कशाला? घरातली घोंगडी, डोक्याला बापाचा पंचा आणि हातात काठी एवढे पुरे. आपल्याकडील धनगराचा वेष बेथलेहेमच्या त्या रानाला अधिक शोभेल. इ. स. १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे असिसीच्या संत फ्रान्सिसने ख्रिस्तजन्माचा जो देखावा उभारला त्यात गव्हाण, गवत, एक बैल आणि एक गाढव एवढेच होते. सारे काही गावातून आणलेले. शाळेजवळ पंख, मुकुट व पट्टे यांची एक पेटी असावी. एका वर्षीचे साहित्य धुऊन, दुरुस्त करून पुढच्या वर्षी वापरावे. तीन-चार वर्षांत कोणालाही भाड्याच्या दुकानात जावे लागणार नाही. भेटवस्तूंच्या देवाणघेवाणीतही अशीच मर्यादा हवी. पैशांची मर्यादा घालून भागत नाही, कारण काहीजण ती ओलांडतातच; हाताने केलेली वस्तूच द्यावयाची असे ठरवले तर कोणाचे घर मोठे व कोणाचे लहान हे वेष्टनावरून कळणार नाही.

नाटिकेत मारिया कोणी व्हावयाचे, यावरून मोठ्या माणसांत जे रुसवे-फुगवे होतात त्यांविषयी न बोललेले बरे. मुलांना त्याचे फारसे काही नसते. गोव्यात व बेळगावात मिशनच्या शाळांतील कितीतरी मुले हिंदू वा मुसलमान घरांतली असतात, आणि मेंढपाळाचे काम मिळाले म्हणून आनंदाने उड्या मारीत घरी जातात. भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात. फार तर एकाच नाटिकेतील प्रवेशांसाठी निरनिराळी मुले घ्यावीत.

या सर्व गडबडीची किंमत अखेरीस मुलांच्या झोपेतून वसूल होते, आणि तिकडे सर्वांत कमी लक्ष जाते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप हवी, आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह दहा ते तेरा तास, असे अमेरिकेतील निद्राविकारतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली नमूद केले आहे. सकाळी आठची शाळा गाठण्यासाठी मूल सव्वासहाला उठत असेल तर निदान सव्वानऊला ते झोपलेले असावयास हवे. डिसेंबरात संध्याकाळी तालीम, मग नोव्हेना, मग वाड्यावर कॅरल गात हिंडणे, आणि घरी येऊन उद्याचा मुकुट चिकटवणे. साडेदहा सहज होतात. रोज सव्वा तास कमी झोपणाऱ्या मुलाचे आठ दिवसांत दहा तास बुडतात. म्हणजे एक संपूर्ण रात्रच हरवली. मग ते मूल तालमीत वाक्य विसरते, डबा न खाता परत आणते, क्षुल्लक कारणाने रडते, आणि मोठी माणसे त्याला हट्टी ठरवतात. ज्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रम असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी गृहपाठ नसावा, हे शाळेने करता येण्यासारखे आहे. आणि आठवड्यातील दोन संध्याकाळी तरी मुलाला कोठेही न नेता घरी ठेवावे, हे घराने.

शिक्षिकांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगावयास हवी. चाळीस मुलांचे चाळीस मुकुट बहुधा एकाच बाईंच्या घरी रात्री कापले जातात. त्या बाईंच्या घरीही नाताळ असतो. त्यांचेही दोदोल चुलीवर तासन्तास घोटावयाचे असते, आणि त्यांची स्वतःची मुले दुसऱ्या कोणत्या शाळेत मेंढपाळ होऊन उभी असतात व त्या तेथे जाऊ शकत नाहीत. पालक-शिक्षक संघाच्या सभेत नव्या कार्यक्रमाची सूचना उत्साहाने पुढे येते, तेव्हा त्याच सभेत एक जुना कार्यक्रम कमी करण्याची सूचनाही यावी.

याहून मोठा उपाय चर्चच्या पंचांगातच आहे, आणि त्याचा विसर पडला आहे. नाताळापूर्वीचे चार रविवार हा आगमनकाळ. तो ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो व त्याची लांबी बावीस ते अठ्ठावीस दिवसांची असते. हा उत्सवाचा नव्हे, वाट पाहण्याचा काळ. म्हणून वेदीवर जांभळा रंग असतो. उत्सव सुरू होतो तो २५ डिसेंबरला आणि पुढे तीन राजांच्या सणानंतरपर्यंत चालतो. शाळांनी हे उलटे केले आहे: वाट पाहण्याच्या दिवसांत सारा उत्सव उरकून टाकावयाचा आणि खरा उत्सवकाळ सुरू झाला की सुटी लागावयाची, व सुटीहून परतल्यावर नाताळाचे नावही काढावयाचे नाही. स्नेहसंमेलन आणि ख्रिस्तजन्माची नाटिका जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवली तर धर्माच्या दृष्टीनेही ते अधिक यथायोग्य होईल, आणि डिसेंबरात फक्त क्रीडादिन, वर्गातला गोठा व शेवटच्या दिवशीचे कॅरल गायन एवढेच उरेल. सुटीत मुलांना पाठांतरास अवकाश मिळेल, पोशाख सावकाश शिवता येतील, आणि सुटीवर आलेला एखादा तारवटी बाप मुलाची नाटिका पाहूनच बोटीवर परतेल.

गोव्यात याला लोकरीतीचा आधारही आहे. ६ जानेवारीला रेइश मागूश, चांदर आणि कासावली येथे तीन राजांचे फेस्त भरते. कासावलीला त्या परिसरातील तीन गावांची तीन लहान मुले राजांचा वेष घालून, डोक्यावर मुकुट ठेवून घोड्यांवर बसतात व निरनिराळ्या वाटांनी टेकडीवरच्या चर्चकडे निघतात. त्यांच्यामागे सारा गाव चालत असतो. नाताळ होऊन बारा दिवस उलटलेले असतात; सुटी संपलेली किंवा संपत आलेली असते; आणि तरीही त्या दिवशी टेकडीवर कोणाला सण शिळा झाल्यासारखा वाटत नाही.